उदासीन अणू आणि प्रकाशाची काकवी : नव्या भौतिकीचा मराठीतून एक पाठ

एम. ए.च्या अनुवादाच्या तासाला मी एकदा विज्ञानविषयक इंग्रजी उतारा दिला होता. लेसरच्या प्रकाशाने अणू पकडून ठेवायचे आणि त्यांच्याकडून गणन करून घ्यायचे, असा त्याचा विषय होता. त्यातल्या 'न्यूट्रल ॲटम' या दोन शब्दांपाशीच वर्ग अडला. मराठी शाळेतून आलेल्या मुलीने 'उदासीन अणू' असे लिहिले होते. हिंदी माध्यमातून आलेल्या मुलाने हरकत घेतली, "मॅडम, अणू म्हणजे तर मॉलिक्यूल. इथे परमाणू पाहिजे." मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच विचारले, "पण ते उदास कशाने झाले?" वर्ग हसला, तास संपला आणि उतारा तसाच राहिला.

तिन्ही प्रश्न मात्र माझ्या मनात राहिले, कारण तिन्ही योग्य होते. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांतली मुले विज्ञान हिंदी, कन्नड, गुजराती किंवा इंग्रजीतून शिकतात. मराठीशी त्यांची गाठ पडते ती कविता आणि कथा यांच्या तासाला. त्यामुळे मराठी ही भावनेची भाषा आणि विचार करायचा तो दुसऱ्या भाषेत, अशी वाटणी नकळत होते. घरातली एकच खोली वापरात राहिली की बाकीच्या खोल्यांना कुलूप लागते. भाषेचेही तसेच आहे.

प्रस्तुत लेखात त्या अपुऱ्या राहिलेल्या उताऱ्याचा विषय मराठीतून सांगण्याचा प्रयत्न केला आहे. सांगताना प्रत्येक महत्त्वाच्या शब्दापाशी थांबून दोन गोष्टी पाहिल्या आहेत : हा शब्द काय दाखवतो, आणि तो कुठून पुढे दिशाभूल करू लागतो. विज्ञानातल्या बहुतेक संज्ञा मुळात रूपकेच असतात. रूपकाची हद्द कुठे संपते हे सांगणे साहित्याच्या शिक्षकाला जमायला हवे. तेवढे जमले तर हा विषय आपल्या वर्गातही परका राहत नाही.

१. कोणता अणू?

आधी हिंदी माध्यमातल्या मुलाची हरकत. मराठीत ॲटम म्हणजे अणू आणि मॉलिक्यूल म्हणजे रेणू. हिंदीत ॲटम म्हणजे परमाणु आणि मॉलिक्यूल म्हणजे अणु. म्हणून आपण 'अणुबाँब' आणि 'अणुऊर्जा आयोग' म्हणतो, तर हिंदीत 'परमाणु बम' आणि 'परमाणु ऊर्जा आयोग' म्हणतात. वैशेषिक दर्शनात सर्वांत सूक्ष्म, अविभाज्य कण तो परमाणू, आणि दोन परमाणूंचे मिळून द्व्यणुक होते. हिंदीची निवड त्या परंपरेला जवळची आहे. मराठीने अणू आणि रेणू हे दोन आटोपशीर शब्द घेऊन काम भागवले. यात कोणी चूक नाही; पण एकाच वर्गात दोन्ही भाषांची मुले असतील तर पहिल्याच तासाला ही दोन ओळींची तुलना फळ्यावर लिहावी. नाहीतर विद्यार्थी प्रत्येक वाक्य वेगळ्या अर्थाने वाचत राहतो आणि चूक कुठे झाली ते शेवटपर्यंत कळत नाही.

'क्वांटम'साठी मराठी विश्वकोशाने 'पुंज' हा शब्द वापरला. पुंज सिद्धांत, पुंजयामिकी या संज्ञा तिथे सापडतात. हिंदीत मात्र 'किरणपुंज' म्हणजे प्रकाशाचा झोत. लेसरच्या झोताबद्दल बोलताना हा घोटाळा नको, म्हणून या लेखात 'क्वांटम' हाच शब्द ठेवला आहे आणि झोताला झोतच म्हटले आहे.

२. उदासीन म्हणजे काय?

'उदासीन' हा शब्द 'उद्' आणि 'आसीन' मिळून झाला आहे : जो बाजूला, अलिप्त बसला आहे तो. कौटिल्याच्या राजमंडळात शत्रू आणि मित्र यांच्याबरोबर 'उदासीन' नावाचाही एक राजा येतो; दोघांच्या भांडणात न पडणारा. बोलीत पुढे त्याला खिन्नतेची छटा आली. रसायनशास्त्राने मात्र जुना अर्थ टिकवला. आम्ल आणि आम्लारी यांच्या 'उदासीनीकरणा'त दुःखाचा प्रश्न येत नाही.

अणू विद्युतदृष्ट्या उदासीन असतो, कारण त्याच्या केंद्रकातला धन प्रभार आणि भोवतालच्या इलेक्ट्रॉनांचा ऋण प्रभार सारखा असतो. एखादा इलेक्ट्रॉन काढून घेतला की अणूचा आयन होतो, आणि आयनाला विद्युत क्षेत्राने सहज धरता येते. क्वांटम गणकाचा एक प्रकार अशा आयनांवर चालतोही. पण आयन एकमेकांना दूर लोटतात; त्यांची दाटी करणे अवघड जाते. उदासीन अणूंचे तसे नाही. दोन उदासीन अणू एकमेकांपासून पाच मायक्रोमीटरवर ठेवले, म्हणजे माणसाच्या एका केसाच्या जाडीत बारापंधरा अणू ओळीने बसवले, तरी एकाला दुसऱ्याचा जवळजवळ पत्ता नसतो. शेकडो, हजारो अणू लहानशा जागेत मांडता येतात ते या स्वभावामुळे.

या स्वभावातून दोन अडचणी येतात. जो कशालाही दाद देत नाही त्याला धरायचे कसे? आणि जे एकमेकांना ओळखतही नाहीत त्यांच्याकडून एकत्र काम कसे करून घ्यायचे? गेल्या पन्नास वर्षांतले या क्षेत्रातले मोठे काम या दोन प्रश्नांची उत्तरे शोधण्याचे आहे. उरलेला पाठही त्याच क्रमाने आहे.

३. प्रकाशाने थंड करणे

पहिली अडचण वेगाची. रुबिडियम हा धातू या प्रयोगांत फार वापरला जातो. त्याच्या बाष्पातले अणू खोलीच्या तापमानाला सेकंदाला सुमारे ३०० मीटर वेगाने धावत असतात. त्यांना धरायचे तर आधी मंद करायला हवे. तापमान म्हणजे शेवटी कणांच्या धावपळीचे माप. म्हणून मंद करणे आणि थंड करणे इथे एकच.

प्रकाश वस्तूला ढकलतो. हा धक्का अतिशय लहान असतो, पण अणूही लहानच. रुबिडियमच्या अणूने ७८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचा एक कण, म्हणजे एक फोटॉन, समोरून शोषला तर त्याचा वेग सेकंदाला सुमारे ६ मिलिमीटरने कमी होतो. ३०० मीटरच्या वेगापुढे ६ मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. मात्र अणू तो प्रकाश सेकंदाच्या काही कोट्यांशाव्या भागात बाहेर टाकतो आणि पुढचा फोटॉन घ्यायला मोकळा होतो. बाहेर टाकलेला प्रकाश कोणत्याही दिशेला जातो, त्यामुळे त्याचे धक्के सरासरीने एकमेकांना खोडतात. समोरून येणारे धक्के मात्र साचत जातात. असे सुमारे ५० हजार धक्के बसले की अणू थांबतो, आणि याला काही मिलिसेकंद पुरतात. थेंबे थेंबे तळे साचे, तसे इथे थेंबाथेंबाने तळे आटते.

पण अणू सगळ्या दिशांना धावत असतात. सगळीकडून प्रकाश सोडला तर समोरचा झोत जेवढा अडवील तेवढाच मागचा झोत ढकलील. यावरचा उपाय १९७५ साली थिओडोर हेन्श आणि आर्थर शॉलो यांनी उदासीन अणूंसाठी सुचवला. तो समजायला स्टेशनवर उभे राहावे. आपल्याकडे येणाऱ्या गाडीची शिट्टी उंच ऐकू येते, दूर जाणाऱ्या गाडीची खाली उतरते. हा डॉप्लर परिणाम प्रकाशालाही लागू आहे. अणूला ठरावीक सुराचाच प्रकाश शोषता येतो. लेसरचा सूर अणूच्या सुरापेक्षा किंचित खाली लावून ठेवला, तर स्थिर अणू त्याला फारशी दाद देत नाही. जो अणू झोताच्या दिशेने धावतो त्याला मात्र तो सूर चढलेला भासतो, बरोबर जुळतो आणि धक्का बसतो. मागून येणारा झोत त्याला आणखी खाली उतरलेला वाटतो, म्हणून तो जवळजवळ लागत नाही. प्रत्येक अणूला अशा रीतीने त्याच्या धावण्याच्या उलट धक्का मिळतो.

आता 'थंड' या शब्दाची हद्द. थंडी म्हटले की आपल्याला बर्फ आणि फ्रीज आठवतो. इथे काचेची निर्वात पेटी खोलीच्याच तापमानाला असते, हात लावला तर गार लागत नाही. तिच्या मधोमध, भिंतींना कुठेही न टेकता, मूठभर अणू निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या काही लक्षांशांवर असतात. थंडी फक्त त्यांच्यापुरती असते. एकट्या अणूचे तापमान सांगतात तेव्हा तोच प्रयोग अनेकदा करून आलेल्या वेगांच्या पसाऱ्यावरून ते काढलेले असते. हे सांगितले नाही तर विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर शीतगृह उभे राहते.

४. काकवी, आणि सिसिफसचा डोंगर

१९८५ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत स्टीव्हन च्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा बाजूंनी झोत सोडून सोडियमचे अणू असे मंदावले. अणू जिथे जाईल तिथे त्याला विरोध होतो, जणू दाट पाकात पोहतो आहे. त्यांनी या प्रकाशाला 'ऑप्टिकल मोलॅसिस' हे नाव दिले. मराठीत मोलॅसिस म्हणजे साखर कारखान्यातली मळी. पण मळी म्हटले की वास आणि डिस्टिलरी आठवते. बेळगावकडच्या गुऱ्हाळात ज्याने उकळता रस आटताना पाहिला आहे त्याला 'काकवी' हाच शब्द सुचेल. चमचा बुडवला तर कोणत्याही दिशेला हलवताना जड जातो, आणि जितक्या जोरात हलवावा तितका विरोध वाढतो. नेमके हेच सांगायचे आहे. 'प्रकाशाची काकवी' ही संज्ञा म्हणून कोशात जावी की नाही हे जाणकारांनी ठरवावे. वर्गात ती पहिल्या झटक्यात समजते.

काकवीचीही एक हद्द आहे. ती मंद करते, धरून ठेवत नाही. काकवीत पडलेली मुंगी सावकाश का होईना, कडेला पोचू शकते. या झोतांतले अणूही हळूहळू पसरून बाहेर जात. त्यांना मध्याकडे ओढणारे काही हवे होते. १९८७ साली दोन वेटोळ्यांच्या चुंबकीय क्षेत्राची जोड देऊन ते साधले. मधोमध हे क्षेत्र शून्य असते आणि बाहेर वाढत जाते. अणू मध्यापासून सरकला की त्याच्या ऊर्जापातळ्या अशा सरकतात की त्याला मध्याकडे ढकलणारा झोतच अधिक लागू पडतो. याला चुंबक-प्रकाशीय सापळा म्हणता येईल. आजही जवळजवळ प्रत्येक प्रयोगाची सुरुवात याच सापळ्यापासून होते.

इथे एक आश्चर्य घडले. हिशोबाप्रमाणे सोडियम २४० मायक्रोकेल्विनच्या खाली थंड व्हायला नको होता. १९८८ साली विल्यम फिलिप्स यांच्या गटाने मोजले तर आकडा ४० मायक्रोकेल्विनच्या आसपास आला. प्रयोग सिद्धांतापेक्षा चांगला निघाला, असे विज्ञानात क्वचित होते. क्लोद कोएन-तानुजी आणि जाँ दालिबार यांनी याचे जे स्पष्टीकरण दिले त्यातल्या एका यंत्रणेला सिसिफसचे नाव पडले. प्रकाशाच्या लहरींमुळे अणूपुढे ऊर्जेच्या टेकड्या तयार होतात. अणू टेकडी चढतो, चढताना वेग गमावतो, आणि माथ्यावर पोचता पोचता प्रकाश त्याला दुसऱ्या अवस्थेत नेऊन पुन्हा पायथ्याशी ठेवतो. मग नवी चढण.

ग्रीक पुराणातला सिसिफस मराठी वाचकाला घरचा नाही. त्याच्या जागी आपला विक्रम-वेताळ ठेवावा, असे मला एकदा वाटले होते. पुन्हा झाडापाशी जाणे तिथेही आहेच. विचार केल्यावर तो मोह सोडला. वेताळाच्या गोष्टीत प्रत्येक फेरीला नवा प्रश्न असतो, पण चढण नाही. आणि अणूची ऊर्जा जाते ती चढणीतच. जवळचे रूपक मूळ कल्पनेचा कणाच गमावत असेल तर परके नाव ठेवून दोन वाक्यांत गोष्ट सांगावी. स्वभाषेचा आग्रह इतका नसावा की अर्थ मागे राहील. च्यू, कोएन-तानुजी आणि फिलिप्स यांना या कामासाठी १९९७चे नोबेल पारितोषिक मिळाले.

५. चिमटा की खळगा?

सापळ्यात अणूंचा ढग असतो. गणनासाठी एकेक अणू वेगळा, ठरल्या जागी हवा. त्याला उपयोगी पडले आर्थर ॲशकिन यांचे काम. त्यांनी १९७० साली पाण्यातल्या सूक्ष्म गोळ्या लेसरने ढकलून दाखवल्या आणि १९८६ साली एकाच एकवटलेल्या झोताने कण धरून ठेवणारे साधन तयार केले. त्याला ऑप्टिकल ट्वीझर, म्हणजे प्रकाशीय चिमटा म्हणतात. त्याबद्दल २०१८ साली, वयाच्या ९६व्या वर्षी, त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

चिमटा कसा धरतो हे सांगायला शाळेतला प्रयोग पुरेसा आहे. केसांवर घासलेला कंगवा कागदाच्या कपट्यांजवळ नेला की कपटे उडून चिकटतात. कपटे उदासीन असतात, तरी ओढले जातात, कारण कंगव्याच्या विद्युत क्षेत्राने कपट्यातले प्रभार किंचित सरकतात, आणि असा कपटा जिथे क्षेत्र तीव्र तिकडे खेचला जातो. प्रकाशातही विद्युत क्षेत्र असते. फरक इतकाच की ते सेकंदाला शेकडो लक्ष कोटी वेळा उलटसुलट होते, आणि अणूतला इलेक्ट्रॉनांचा ढग त्याच्याबरोबर डुलतो. लेसरचा सूर अणूच्या सुरापेक्षा खूप खाली ठेवला तर अणू प्रकाश जवळजवळ शोषत नाही, आणि जिथे प्रकाश सर्वांत दाट तिथे ओढला जातो. सूर वर ठेवला तर उलट दूर लोटला जातो. उदासीन असला तरी अणू अगदीच निर्विकार नसतो. बाहेरच्या क्षेत्राने त्याचा तोल किंचित ढळतो, आणि तेवढ्यावरच त्याला धरता येते.

'चिमटा' या शब्दाची हद्द इथे लागते. आपल्या चिमट्याला दोन पाती असतात आणि तो दाबून धरतो. इथे पाती नाहीत, स्पर्श नाही, दाब नाही. भिंगाने एकवटलेला एकच झोत आहे आणि त्याच्या मध्यबिंदूशी एक खळगा आहे. वाटीत टाकलेली गोटी तळाशी डुलत राहते, तसा अणू त्यात डुलतो. गोटीला जोर असेल तर ती काठ ओलांडून जाईल. हा खळगा साधारण एक मिलिकेल्विन खोल असतो, म्हणजे त्याहून बऱ्याच थंड अणूलाच तो धरू शकतो. आधी काकवी आणि मगच चिमटा, असा क्रम का, ते यावरून कळते. 'सापळा' या शब्दातही एक खोड आहे : मराठीत हाडांचाही सापळा असतो, आणि उंदराच्या सापळ्याला दार असते. वाक्य नीट असेल तर गोंधळ होत नाही, पण चित्र मनात बसवायला 'खळगा' अधिक प्रामाणिक आहे.

६. रिकामे पाट भरणे

एका खळग्यात एकच अणू कसा येतो? यात निसर्गाची मदत होते. खळगा पुरेसा लहान असेल आणि थंड करणारा प्रकाश चालू असेल, तर आत आलेले दोन अणू एकमेकांवर आदळून दोघेही बाहेर फेकले जातात. म्हणून शेवटी आत एक तरी राहतो किंवा एकही नाही. फ्रान्समधल्या ओर्से येथील गटाने २००१ साली हे दाखवून दिले.

मात्र यामुळे शंभर खळगे मांडले तर साधारण निम्मे रिकामे राहतात, आणि कोणते ते दर वेळी बदलते. पंगत मांडली आहे, पण मधले मधले पाट रिकामे, अशी स्थिती. उपाय पंगतीतलाच आहे : कोण कुठे बसले ते पाहायचे आणि उठवून सरकवायचे. अणूंवर प्रकाश टाकला की ते चमकतात; कॅमेऱ्यात प्रत्येक अणूचा एक ठिपका येतो. संगणक रिकाम्या जागा ओळखतो आणि हलत्या चिमट्यांनी अणू उचलून तिथे नेऊन ठेवतो. हा हलता झोत वळवण्यासाठी स्फटिकातून ध्वनितरंग सोडतात. ध्वनीची वारंवारता बदलली की झोताची दिशा बदलते. २०१६ साली अमेरिका आणि फ्रान्स येथील गटांनी अशा रीतीने पन्नासच्या आसपास अणूंच्या अखंड मांडण्या करून दाखवल्या. पुढची वाढ झपाट्याने झाली : २०२१ साली २५६ अणूंचा संच गणनसदृश प्रयोगांसाठी वापरला गेला, आणि २०२५ साली कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या गटाने ६,१०० सिझियम अणू स्वतंत्र चिमट्यांत धरल्याचे प्रसिद्ध केले.

इथे एक गुण लक्षात घ्यावा. कारखान्यात बनवलेल्या दोन वस्तू कधी तंतोतंत सारख्या नसतात. एकाच प्रकारचे दोन अणू मात्र निसर्गतःच एकसारखे असतात. सेकंदाची आजची व्याख्या सिझियमच्या अणूतल्या ९,१९,२६,३१,७७० कंपनांवर उभी आहे ती या एकसारखेपणामुळेच.

७. उदासीनता मोडणे

आता दुसरा प्रश्न. अलिप्त बसलेल्या या अणूंना एकमेकांची दखल कशी घ्यायला लावायची? योग्य सुराचे लेसर देऊन अणूच्या सर्वांत बाहेरच्या इलेक्ट्रॉनाला फार वरच्या पातळीवर नेले, तर अणू फुगतो. सत्तराव्या पातळीवर त्याची त्रिज्या मूळच्या हजारो पट होते, मायक्रोमीटरच्या सुमारे पाव भागाइतकी. अशा अवस्थेला स्वीडिश शास्त्रज्ञ योहान्स रिडबर्ग यांचे नाव आहे. दोन रिडबर्ग अणूंमधला परिणाम पातळीच्या अकराव्या घाताने वाढतो. क्षणापूर्वी परस्परांना न ओळखणारे अणू काही मायक्रोमीटरवरूनही एकमेकांवर प्रभाव टाकू लागतात.

याचा उपयोग असा. जवळच्या दोन अणूंपैकी एक रिडबर्ग अवस्थेत गेला की दुसऱ्याची ती पातळी सरकते. लेसरचा सूर तोच असतो, दुसऱ्या अणूचा बदललेला असतो, म्हणून तो वर जाऊ शकत नाही. याला रिडबर्ग ब्लॉकेड म्हणतात. मराठीत 'नाकेबंदी' चपखल बसते. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, ही म्हणही आठवते. मात्र तलवारींच्या म्हणीत वैर आहे, इथे नाही. इथे फक्त सूर बिघडतो. ही कल्पना २००० साली मांडली गेली आणि २००९ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन येथील आणि फ्रान्समधल्या गटांनी ती दोन अणूंवर प्रत्यक्ष दाखवली. एकाची अवस्था दुसऱ्याच्या अवस्थेवर अवलंबून ठेवता आली, आणि गणनाला लागते ते एवढेच : 'हा असा असेल तर तो तसा कर.'

हे घडत असताना, काही मायक्रोसेकंद, चिमटे सहसा बंद ठेवतात, कारण फुगलेल्या अणूला तो खळगा धरू शकत नाही. अणू इतके थंड असतात की तेवढ्या वेळात जागचे फारसे हलत नाहीत, आणि चिमटे पुन्हा लागले की पुन्हा धरले जातात. काम झाले की अणू मूळ अवस्थेत येतात आणि पुन्हा उदासीन होतात. गरजेपुरती दखल आणि एरवी अलिप्तता, हे या पद्धतीचे सामर्थ्य.

८. गणन, आणि दोन निसरडे शब्द

अशा प्रत्येक अणूच्या दोन शांत पातळ्यांना शून्य आणि एक मानले की त्याचा क्युबिट होतो. साधा बिट शून्य तरी असतो किंवा एक. क्युबिट या दोहोंच्या मिश्र अवस्थेत राहू शकतो. तिला आपल्याकडे 'अध्यारोपण' म्हणतात. हा शब्द साहित्याच्या आणि तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला घसरवतो. वेदान्तात 'अध्यारोप' म्हणजे दोरीवर सापाचा आरोप, म्हणजे भ्रम. इथे भ्रम कसलाच नाही. दोन लाटा एकमेकींवर चढून तिसरा आकार घेतात, तसे हे आहे. 'सगळी उत्तरे एकाच वेळी तपासली जातात' हे लोकप्रिय वाक्यही टाळावे. शेवटी मोजले की एकच उत्तर हाती येते. कौशल्य असते ते लाटांच्या व्यतिकरणाने चुकीची उत्तरे विरून जातील आणि बरोबर उत्तराची शक्यता वाढेल अशी पावले आखण्यात.

दुसरा शब्द 'एंटँगलमेंट'. यासाठी 'गुंतवणूक' म्हणावे, तर तो शब्द बँकांनी नेला. 'गुंतागुंत' म्हणावे, तर त्यात किचकटपणा येतो. अनेक अणूंची मिळून एक अवस्था असते आणि तिची एकेकट्याच्या अवस्थांत फोड करता येत नाही, एवढा अर्थ आहे. मी वर्गात 'गुंफण' म्हणते. फुलांच्या गुंफणीत प्रत्येक फूल वेगळे काढता येते, इथे येत नाही; तेवढी हद्द सोबत सांगते.

चित्र एकांगी होऊ नये म्हणून उणिवाही सांगायला हव्यात. निर्वातातही उरलेला एखादा वायूचा कण आदळतो आणि अणू हरवतो. वाचन सावकाश होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दोन क्युबिटांवरची क्रिया ९९.५ टक्के अचूक झाली. ऐकायला छान, पण दोनशे पावलांत एक चूक, आणि मोठ्या गणनाला लक्षावधी पावले लागतात. म्हणून अनेक अणू मिळून एक भरवशाचा क्युबिट घडवतात. त्याच वर्षी हार्वर्डच्या गटाने २८०पर्यंत अणू वापरून असे ४८ तार्किक क्युबिट चालवून दाखवले. व्यवहारात उपयोगी पडेल असा मोठा गणक अजून घडायचा आहे. भारतातही २०२३ साली राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी मिळाली असून ६,००३.६५ कोटी रुपयांची तरतूद आहे. आपल्या वर्गातली काही मुले उद्या त्या कामात असतील. ती इंग्रजीत काम करतील हे खरेच, घरी आजीने विचारले, "काय करतोस रे तिथे?" तर तिला काय सांगतील, हा आपला प्रश्न आहे.

९. शिक्षकांसाठी चार गोष्टी

अनुवादाच्या किंवा गद्यलेखनाच्या तासाला असा विषय घ्यायचा असेल तर अनुभवाने चार गोष्टी सुचवते. पहिली, संज्ञांची यादी आधी पाठ करून घेऊ नये. आधी घटना सांगावी, संज्ञा तिच्या पोटातून यावी. दुसरी, वर्गातल्या भाषांची तुलना उघडपणे करावी. अणू आणि परमाणू यांचा घोळ लपवल्याने वाढतो, सांगितल्याने तो ज्ञानाचा भाग होतो. तिसरी, विद्यार्थ्याने दाखला दिला की त्यालाच विचारावे, 'हा कुठपर्यंत चालतो?' काकवी धरून ठेवत नाही, चिमट्याला पाती नाहीत, म्यानात वैर नाही, हे त्याला स्वतःला सापडले म्हणजे विषय समजला. चौथी, शब्द मिळाला नाही तर नवा घडवण्याची घाई करू नये. लेसर, फोटॉन, क्युबिट हे शब्द मराठीत येऊन बसले आहेत, त्यांना विभक्तीचे प्रत्यय लागतात, ते आता आपलेच.

त्या अपुऱ्या उताऱ्याकडे पुढच्या आठवड्यात आम्ही परत गेलो. हिंदी माध्यमातल्या मुलाने शेवटी 'उदासीन अणू' असेच लिहिले आणि खाली एक ओळ जोडली : 'येथे अणू म्हणजे हिंदीतील परमाणु, उदासीन म्हणजे दुःखी नव्हे, अलिप्त.' मागच्या बाकावरच्या प्रश्नाचे उत्तरही त्यात आले. मी त्या ओळीखाली बरोबरची खूण केली.